सत्यभामा नापास

नवरे बायकोच्या नावानं घर बांधतात, फार तर दारावर पाटी लावतात. आमच्या यांनी एक छोटा, जुना मालवाहू ट्रक घेतला आणि पेंटरकडून त्याच्या कपाळावर ठसठशीत अक्षरांत 'सत्यभामा' लिहून आणलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाही, असं त्यांनी नंतर प्रामाणिकपणे सांगितलं.

मी यवतमाळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गावात मला लोक मॅडम म्हणतात. पण ट्रक आला त्या दिवसापासून आमच्या वसाहतीत माझं नाव चारचौघांचं झालं. सकाळी अंगणातून कुणीतरी ओरडायचं, "सत्यभामा गरम झाल्याशिवाय चालू नाही होत," आणि मी हातातली पोळी तशीच ठेवून दचकून बाहेर यायची.

हे, म्हणजे धर्मपाल नगराळे, कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याच्या गाडीतला चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी पाहून प्रत सांगायची, हे त्यांचं काम. त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिनसत गेलं. खरेदी आक्रसली, केंद्रं उघडायला उशीर व्हायला लागला, आणि यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. घरी बसल्यावर त्यांच्या अंगठ्यांना काम उरलं नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातल्या सगळ्या उशा उसवून कापूस तपासला आणि माझ्या माहेरून आलेली गादी दुय्यम प्रतीची असल्याचं जाहीर केलं. गादी तीस वर्षं झाली तरी बसली नव्हती, पण माणूस बसला होता, म्हणून मी वाद घातला नाही. ट्रक आला आणि ते उठले. सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून ते ट्रकभोवती अशी चक्कर मारायचे, की पाहणाऱ्याला वाटावं, ह्या ट्रकला सुद्धा हे प्रत देणार आहेत.

त्या वर्षीच्या दसऱ्याला धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती. आमच्या विहारासाठी नवीन बुद्धमूर्ती घ्यायची ठरली होती. कळंबच्या एका मूर्तिकारानं ती घडवली होती आणि आता फक्त आणायची होती. विहाराच्या बैठकीत गाडीचा विषय निघाला, तसे हे उभे राहिले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "मूर्ती माह्या गाडीत येईन."

आमचे अध्यक्ष धम्मरत्न साहेब पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा कुठल्याही गोष्टीवर विश्वास बसायला आधी तिचा नकाशा लागतो. त्यांनी चष्मा काढून विचारलं, की गाडीचं पासिंग आहे का. पासिंग संपत आलं होतं. मग ते म्हणाले, की नगराळे, ही मूर्ती आहे, कापसाची गाठ नाही. पडली तर पुन्हा बांधता येत नाही. गाडी पास करून आणा, मग बघू. तोवर त्यांनी दुसऱ्या गाडीवाल्याशी बोलून ठेवलं. घरी येताच हे दारात म्हणाले, की बावीस वर्षांत त्यांनी दिलेली प्रत कुणी फिरवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीची चाचणी घ्यायला लोहाऱ्याकडे निघालो. यांच्या शेजारी मी, आणि माझ्या शेजारी आमचे शेजारी लखीराम आडे. लखीरामभाऊ एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. जिल्ह्यातला प्रत्येक खड्डा त्यांना नावानं ओळखतो. ते न बोलावता आले होते, पण त्यांना न बोलावण्याचं धैर्य वसाहतीत कुणातच नाही.

जाताना गाडी गुणी होती. पण बाजाराच्या गर्दीत यांनी चार-सहा वेळा ब्रेक दाबला, आणि तिथून पुढं तिच्या मनात काहीतरी आलं. ती हळूहळू डावीकडे जाऊ लागली. हे स्टीअरिंग उजवीकडे ओढायचे, ती डावीकडे जायची. औद्योगिक वसाहतीपाशी आम्ही एका जिनिंग कारखान्याच्या फाटकातून थेट आत गेलो. चौकीदारानं सलाम केला आणि माल कुठं आहे, असं विचारलं. हे त्याला खरं सांगायला लाजले. भाव विचारायला आलो होतो, असं म्हणाले. आम्ही गाडी फिरवली, आणि परतीच्या वाटेवर करपलेल्या रबरासारखा वास सुटला.

लखीरामभाऊंनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून त्यांनी बाटलीतलं पाणी डाव्या पुढच्या चाकावर शिंपडलं. तव्यावर पडावं तसं ते चुर्रर्र झालं. उजव्या चाकावर शिंपडलं, तर ते नुसतं ओघळलं. "चाक धरून राह्यलं," एवढंच ते बोलले आणि आनंदानं गाडीत बसले. एसटी सुटल्यापासून त्यांना इतकं महत्त्वाचं काही सापडलं नव्हतं. आम्ही टपरीवर चहा प्यायलो, परत येऊन बघतो तो गाडी शहाण्यासारखी सरळ चालली.

ही बातमी वसाहतीत आमच्याआधी पोचली. संध्याकाळी अंगणात सल्ल्यांचा महापूर आला. कुणी म्हणालं, टायर बदला. कुणी म्हणालं, रस्ताच डावीकडे उतरता आहे, त्यात गाडीचा काय दोष. समोरच्या वैष्णवीताईंचं म्हणणं पडलं, की लखीरामभाऊ आणि मी, दोघं वजनदार माणसं, डाव्या बाजूला बसलो म्हणून गाडी तिकडं कलली. लखीरामभाऊंनी हे आपल्याला लागलं असं दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून ते वैष्णवीताईंकडच्या चहाला साखर कमी पडते, असं म्हणू लागले.

गाडी रहमत मिस्त्रींकडे नेली. त्यांचं गॅरेज बसस्थानकाच्या मागच्या रस्त्याला, आणि तिथं सुट्या भागांचं कपाट सांभाळायला त्यांची बायको हुस्नाबी बसते. रहमत मिस्त्री भारी माणूस. गाडी दारात यायच्या आधी नुसत्या आवाजावरून ते रोग सांगतात, आणि बरोबर ठरो वा चूक, त्याच आवाजात सांगतात. त्यांनी डावं चाक उतरवलं आणि आम्हाला कॅलिपर दाखवला. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते आणि कॅलिपर तिला चिमट्यासारखा दोन्हीकडून धरतो. ब्रेक दाबला की पाइपातून तेल येतं, तेल आतल्या पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला ढकलतो, पॅड तबकडीला धरतं. ब्रेक सोडला की सगळ्यांनी मागं सरायचं. "तुमचा पिस्टन मागं सरतच नाही," मिस्त्री म्हणाले. "पावसाळाभर गाडी उभी होती. गंज पकडला." खरोखरच पिस्टनवर गंजाचे ठिपके होते. त्यांनी तो घासला, नवं रबर घातलं, नवे पॅड बसवले, पाइपातली हवा काढली. हवा काढताना यांना आत बसवून "दाबा, सोडा, दाबा, धरून ठेवा" असं इतक्या वेळा म्हटलं, की रात्री जेवताना मी भाजी वाढू का विचारलं, तर हे म्हणाले, "दाबा."

गाडी एक दिवस सरळ चालली. दुसऱ्या दिवशी बाजारातून जाऊन आली आणि पुन्हा डावीकडे. मिस्त्रींना राग आला. त्यांचा राग आमच्यावर नव्हता, गाडीवर होता. त्यांनी अख्खा कॅलिपरच बदलला आणि सांगितलं, की आता ही डावीकडे गेली तर मी गॅरेजची पाटी उतरवीन. तिसऱ्या दिवशी ती डावीकडे गेली. पाटी मात्र राहिली. हुस्नाबीनं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की खिळे गंजलेत, निघत नाहीत.

अडचण अशी होती, की गाडी सकाळी गॅरेजमध्ये नेली की थंड असायची आणि तिच्याइतकी सज्जन गाडी जिल्ह्यात नसायची. मिस्त्री चक्कर मारून यायचे आणि आमच्याकडे अशा नजरेनं बघायचे, की जणू आम्हीच रात्री बसून हा आजार रचतो.

अशात पासिंगची तारीख आली. परिवहन खात्याच्या मैदानात कडुलिंबाखाली निरीक्षक साहेब टेबल मांडून बसले होते. सभ्य, शांत माणूस. मैदानाच्या टोकावरून गाडी आणायची आणि चुन्याच्या रेघेवर ब्रेक मारून थांबवायची, एवढंच होतं. पण हे परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यासारखे घाबरले होते. आत्मविश्वास यावा म्हणून घरापासून मैदानापर्यंत वाटभर त्यांनी ब्रेक मारायचा सराव केला. त्यामुळे मैदानात पोचेपर्यंत डावं चाक तापून लाल व्हायचं बाकी होतं. यांचा नंबर आला. गाडी निघाली, रेघेपाशी आली, यांनी ब्रेक दाबला, आणि सत्यभामा एखाद्या ओळखीच्या माणसाकडे निघावी तशी संथपणे डावीकडे वळून निरीक्षकांच्या टेबलाकडे गेली. साहेबांनी आपला चहाचा कप उचलला आणि बाजूला सरकले. टेबल कडुलिंबाला जाऊन टेकलं. लागलं कुणालाच नाही. साहेबांनी टेबल सरळ केलं, उरलेला चहा प्यायले आणि कागदावर शेरा लिहिला. ब्रेक दुरुस्त करून पुन्हा आणा, म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि माणसाला सगळ्यात जास्त तेच लागतं.

संध्याकाळी वैष्णवीताई आंब्याचं लोणचं घेऊन आल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, की मन खट्टू करू नका, या वयात परीक्षा अवघडच जाते. मला कळेना. मग उलगडलं. 'सत्यभामा नापास' अशी बातमी त्यांनी नळावर ऐकली होती आणि मी खात्याच्या कुठल्याशा परीक्षेला बसले होते, असं त्यांना वाटलं होतं. मी लोणचं ठेवून घेतलं. पण माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मी मुलांना पास्कलचा नियम शिकवते. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. ब्रेक म्हणजे तोच नियम चाकाला बांधलेला. माझ्याच नावाच्या गाडीत माझाच नियम मोडतो, ही शरमेची गोष्ट होती.

मी विचार केला. गाडी डावीकडे ओढते, म्हणजे डावं चाक जास्त धरतं असंच कशावरून? उजवं काहीच धरत नसेल, तरीही गाडी डावीकडेच जाईल. सगळे डाव्याच्या मागे लागले होते आणि आळशी उजवा मजेत होता. वर्गात असले मुलगे मला चांगले ओळखता येतात. मी हे रविवारी रहमत मिस्त्रींना घरी बोलावून सांगितलं. ते म्हणाले, की मॅडम, मग डावं तापतं काहून? माझ्याकडे त्याला उत्तर होतं, पण ते जरा लांब होतं. शेवटी माझा मान राखायला त्यांनी उजवं चाक उतरवलं, कॅलिपर सोडवून तारेनं लटकवला आणि बजावलं, की ब्रेकला कुणी पाय लावू नका. मग ते पाणी प्यायला आत गेले.

तेवढ्यात लखीरामभाऊ आले आणि मॅडम काय करून राह्यल्या, असं त्यांनी विचारलं. पास्कल समजावून सांगायची संधी शिक्षकानं सोडायची नसते. मी केबिनमध्ये चढले आणि म्हटलं, इथं मी दाब देते, तिथं बघा काय होतं. आणि दाबला.

पास्कल खरा निघाला. तबकडी मध्ये नसल्यामुळे पिस्टनला अडवणारं काही नव्हतं. तो आपलं घर सोडून फटकन बाहेर उडाला आणि त्याच्यामागून तेलाची चिळकांडी निघाली. ती आधी यांच्या पांढऱ्या शर्टावर आणि तिथून लखीरामभाऊंच्या नव्यानं रंगवलेल्या स्कूटरवर गेली. ब्रेकचं तेल रंग खातं, हे माझ्या पुस्तकात कुठं दिलेलं नव्हतं. फडकं आणेस्तोवर स्कूटरच्या रंगाला पापडासारखे फुगे आले. इकडं यांनी धक्क्यानं आधार घ्यायला तेलाचे दोन्ही हात गाडीच्या कपाळावर टेकवले होते. संध्याकाळपर्यंत तिथली निम्मी अक्षरं गळून पडली. 'सत्य' तेवढं राहिलं.

उजव्या कॅलिपरमध्ये काहीही दोष नव्हता. मिस्त्रींनी तो बसवून दिला, हवा काढली, आणि जाताना माझ्याकडे न बघता फक्त यांना नमस्कार केला. लखीरामभाऊ आठवडाभर बोलले नाहीत. आमच्या घरावरून जाताना ते त्या सोललेल्या स्कूटरचा हॉर्न तेवढा लांबवर वाजवायचे. दसऱ्याच्या आधी गावातला एकही पेंटर रिकामा नव्हता, म्हणून यांनी विहाराच्या कमानीतला उरलेला निळा रंग आणला आणि गाडीचं कपाळ स्वतःच रंगवलं. मी शाळेत जाताना मागच्या गल्लीतून जाऊ लागले. धम्मरत्न साहेबांनी निरोप पाठवला, की दुसरी गाडी नक्की करू का. यांनी निरोप आणणाऱ्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि फाटकापर्यंत सोडून आले. त्या दुपारी ते पुन्हा उशी घेऊन बसले होते. उसवली नव्हती. नुसती मांडीवर होती. मला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी नववीला पास्कलचाच तास होता. दोन सिरिंज, मध्ये रबराची नळी, आत रंगीत पाणी. एक दांडा दाबला की दुसरा वर येतो. मी दाबला, दुसरा वर आला. मग दुसरा दाबला की पहिला परत वर यायला हवा. तो आला नाही. मी जोर लावला. दांडा दगडासारखा अडला. वर्गात मागच्या बाकावर खसखस झाली. आधीच माझी कीर्ती तिथपर्यंत पोचलेली होती. मी नळी काढून खिडकीपाशी उजेडात धरली. बाहेरून ती चांगली गुळगुळीत होती. पण आत जुन्या रबराचा पापुद्रा सुटून झडपेसारखा लोंबत होता. पाणी एका बाजूनं आलं की तो पडून वाट द्यायचा, परत जायला लागलं की उठून वाट अडवायचा.

मी त्या नळीकडे बघत उभी राहिले. तेल चाकापर्यंत जातं. परत येत नाही. म्हणून प्रत्येक ब्रेकला चाक जास्त आवळतं. म्हणून चहा पिऊन आलं की गाडी शहाणी होते, कारण तेवढ्या वेळात तेल झिरपत झिरपत मागं येतं. म्हणूनच ती सकाळी सज्जन असते. कॅलिपर निर्दोष होता, बिचारा. मुलांना काहीतरी स्वाध्याय दिला, मुख्याध्यापिकाबाईंना काय सांगितलं ते मला आजही आठवत नाही, आणि सिरिंज तशीच हातात घेऊन मी रिक्षानं थेट गॅरेज गाठलं. वाटेतून यांना गाडी घेऊन या म्हणून फोन केला. इतक्या वर्षांत मी शाळेच्या वेळात त्यांना फोन केलेला नव्हता, त्यामुळे ते घाबरून बनियनवरच आले.

रहमत मिस्त्री मला बघून उठले नाहीत. मी सिरिंज पुढं केली आणि सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं. चाकाजवळचा रबरी ब्रेकपाइप काळाभोर, तकतकीत होता, कुठं चीर नाही, कुठं ओल नाही. "हा खराब नाही," ते म्हणाले. "मी पाह्यला."

"बाहेरून पाहिला," मी म्हटलं.

त्यांनी फडक्याला हात पुसले. एकदा माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून त्यांचा पिस्टन उडाला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तेव्हा कपाटामागून हुस्नाबी बोलली. "देख लो ना. पाटी तर वैसे भी उतारनी है."

यांनी गाडी रस्त्यावर काढली आणि ब्रेक मारमारून चांगली तापवून आणली. डावं चाक जॅकवर उचललं. तिघांनी जोर लावला तरी ते फिरेना. मिस्त्रींनी पाना घेतला आणि कॅलिपरवरची हवा काढायची बारीक निपल अर्धा आटा सैल केली. तेलाची धार सप्पकन निघाली, आणि यांनी चाकाला हात लावला तर ते भिंगरीसारखं फिरलं. दाब तिथंच अडकला होता. म्हणजे पिस्टन मोकळा होता. तेलच त्याला सोडत नव्हतं.

आता मिस्त्रींचे डोळे चमकायला लागले. ते मला बाजूला सारून स्वतःशीच बोलू लागले. पुन्हा गाडी तापवली, पुन्हा चाक आवळलं. या वेळी त्यांनी रबरी पाइपाच्या वरचा जोड सैल केला. थेंबभर तेल ओघळलं, चाक तसंच घट्ट. मग पाइपाच्या खालचा जोड सैल केला. धार उडाली, चाक सुटलं. वरून सोडलं तर सुटत नाही, खालून सोडलं तर सुटतं. गुन्हेगार मधल्या वीतभर रबरात होता. मिस्त्रींनी पाइप काढला आणि करवतीनं मधोमध कापला. आतलं रबर फुगून, पापुद्रा सुटून वाट इतकी बुजली होती, की हुस्नाबीनं दिलेली आगपेटीची काडीसुद्धा आत जाईना.

रहमत मिस्त्री तो तुकडा उजेडाला धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाहेरून नवरदेव होता हा." आणि हसायला लागले. हे हसले, मी हसले. रस्त्यावरचे लोक काय झालं म्हणून थांबले, तर मिस्त्रींनी त्या प्रत्येकाला पाइप दाखवून सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. तिसऱ्या माणसापासून तिच्यात माझ्या सिरिंजचा उल्लेख जरा कमी झाला. माझी तक्रार नव्हती. त्यांनी डावा पाइप बदललाच, आणि त्याच वयाचा म्हणून उजवाही बदलला. आम्ही त्या दुपारी बाजारातून दहा वेळा गेलो आणि विनाकारण ब्रेक मारले. चाक हाताला कोमट लागत होतं, दोन्हीकडे सारखं. हे इतके खूश होते, की भाजीवाल्यांसमोर थांबून त्यांना नुसताच नमस्कार करत होते.

पासिंगला गाडी चुन्याच्या रेघेवर काटकोनात उभी राहिली. निरीक्षक साहेबांनी या वेळी कप आधीच हातात धरून ठेवला होता. ब्रेक उत्तम, म्हणाले, आणि मग कागद उघडला. कागदावर गाडीचा रंग पांढरा होता. समोर कपाळापासून काचेपर्यंत निळी गाडी उभी होती. रंगबदलाचा वेगळा अर्ज लागतो, किंवा मूळ रंग तरी लागतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. अर्जाला दसरा उलटला असता. यांचा चेहरा उतरला. तेव्हा फाटकातून एक सोललेली स्कूटर आत आली. लखीरामभाऊंना त्यांच्या स्कूटरसाठी पांढरा रंग मिळाला होता आणि डबा पायाशी होता. साहेबांचं बोलणं ऐकून ते माझ्याकडे न बघता यांना म्हणाले, की आठवडाभर न बोलून त्यांचं तोंड दुखून राह्यलं, आता ब्रश धरा. मैदानाच्या कोपऱ्यात दोघांनी मिळून गाडीचं कपाळ पांढरं केलं. संध्याकाळी शेवटची गाडी म्हणून सत्यभामा पास झाली. रंग ओला होता म्हणून साहेबांनी लांबूनच पाहिली.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही कळंबला गेलो. मूर्तीखाली पसरायला यांनी स्वतः निवडलेल्या कापसाच्या गाद्या होत्या. त्यासाठी दोन दिवस त्यांचे अंगठे पुन्हा कामाला लागले होते. मूर्ती मध्यभागी बसवली, दोर बांधले, आणि महिला मंडळाच्या बायका तिला धरून बसल्या. धम्मरत्न साहेब आधी मोटारीनं येणार होते, पण गाद्यांवरून हात फिरवून पाहिल्यावर तेही मागं चढले आणि मूर्तीच्या पायाशी मांडी घालून बसले. मी केबिनमध्ये यांच्या शेजारी होते. आरशात मला एक जुनी मोपेड दिसत होती. जाताना दिसली, कळंबला चहाच्या टपरीपाशी दिसली, आणि येतानाही मागंच होती. तिच्यावर रहमत मिस्त्री होते आणि मांडीवर पान्यांची पिशवी. आपलं लक्ष नाही असं दाखवत ते गाडीच्या डाव्या चाकाकडे टक लावून येत होते.

यवतमाळ जवळ आलं, उतार लागला. मागं बायका बुद्धवंदना म्हणत होत्या. पुढं एक एसटी चालली होती. तिच्या वाहकाला रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं असावं, ती अचानक थांबली. यांनी ब्रेक दाबला. गच्च दाबला. माझे दोन्ही पाय आपोआप जमिनीत रुतले. गाडी एसटीच्या मागं हातभर अंतरावर, तसूभरही न कलता, जागच्या जागी उभी राहिली. वंदनेतला एक शब्दसुद्धा तुटला नाही. मागच्यांना काही झालं हेच कळलं नाही. हे स्टीअरिंगवर हात ठेवून बसले होते.

आणि मग मागून धाडकन आवाज आला.

आम्ही उतरून धावलो. रहमत मिस्त्री मोपेडसकट आमच्या गाडीला येऊन आदळले होते. कोपर सोलटलेलं, पाने रस्त्यावर विखुरलेले. ते उठून बसले आणि त्यांनी आधी विचारलं, "कोणीकडं वढली?"

"सरळ," मी म्हटलं.

"थोडी पण नाही?"

"नाही."

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. मी रुमाल बांधत विचारलं, की मिस्त्री, तुमच्या मोपेडच्या ब्रेकचं काय? ते म्हणाले, की मॅडम, लोकांच्या गाड्यांतून टाइमच नाही मिळत, दोन वर्षांपासून पायानं थांबवून राह्यलो.

बायकांनी त्यांना चालू दिलं नाही. मोपेड वर चढवली, मिस्त्रींना मूर्तीच्या उजव्या हाताला बसवलं आणि त्यांच्या चांगल्या हातानं मूर्ती धरायला लावली. धम्मरत्न साहेब सरकून बसले. वसाहतीच्या अलीकडे लोक ढोल घेऊन उभे होते, तिथून मिरवणूक सुरू झाली. पाकळ्या मूर्तीवर पडत होत्या तेवढ्याच मिस्त्रींवर पडत होत्या, आणि त्या झटकायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

गॅरेजच्या वळणावर हुस्नाबी उभी होती. तिला सांगून ते लोहाऱ्याला सामान आणायला गेले होते, आणि लोहारा दुसऱ्या दिशेला आहे. तिनं गाडीवर चढलेल्या मोपेडकडे पाहिलं, बांधलेल्या कोपराकडे पाहिलं, डोक्यावरच्या पाकळ्यांकडे पाहिलं. यांनी गाडी थांबवली. "उतरो," ती म्हणाली. "घर चलो. पहले अपनी गाडी का ब्रेक बनाओ."

"अभी नहीं," मिस्त्री वरून म्हणाले. "हात छोडा तो मूर्ती हिलेगी."

हुस्नाबीनं थोडा वेळ मूर्तीकडे पाहिलं. मग चपला हातात घेतल्या, बायकांनी वरून हात दिले, आणि ती वर चढून मूर्तीच्या दुसऱ्या बाजूला, जिथं कुणी धरलेलं नव्हतं, तिथं धरून बसली. यांनी मागं वळून सगळे नीट बसले का ते पाहिलं आणि ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी सरळ निघाली.